गाडीतून उतरलेला माणूस

वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी धरलेली असते. कोणी हरिद्वारला जाण्यासाठी, कोणी दिल्लीतल्या मुलाखतीसाठी, कोणी नुसतेच उत्तर हिंदुस्थान पाहून यावा म्हणून. दूधसागर पाहायला सगळा डबा दाराशी जमतो. दुसऱ्या दिवशी भुसावळला केळी घेतली जातात. नर्मदेचा पूल आला की कोणीतरी हात जोडतो, कोणीतरी नाणे टाकतो. त्यानंतर मात्र डब्यात जेवणाचे डबे उघडतात, चादरी अंथरल्या जातात आणि भोपाळ कधी येऊन गेले हे कळतही नाही. जाताना तिथे पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि परतताना रात्र बरीच झालेली असते. भोपाळ म्हटले की आपल्याला १९८४ च्या डिसेंबरातली ती वायुगळतीची रात्र आठवते, आणि स्टेशन आले की आपण खिडकीतून जरा गंभीर होऊन पाहतो. एवढाच आपला त्या गावाशी संबंध.

मीसुद्धा या गाडीने सात-आठ वेळा गेलो असेन. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. तरीही नर्मदा ओलांडल्यावर गाडी विंध्याचा जो घाट चढते, त्या घाटाच्या वरच्या अंगाला काय आहे हे मी कधी मान वर करून पाहिले नव्हते.

एका माणसाने ते पाहिले होते. साल १९५७. भोपाळ-इटारसी मार्गावरून तो प्रवास करत होता. खिडकीतून त्याला दूरवर टेकड्यांच्या माथ्यावर प्रचंड खडक उभे दिसले. जणू कोणी किल्ले बांधता बांधता अर्धवट टाकून निघून गेले होते. तो जवळच्या स्थानकावर गाडीतून उतरला आणि त्या खडकांच्या दिशेने चालत गेला. माणसाचे नाव विष्णु श्रीधर वाकणकर, मुक्काम उज्जैन. तो चालत गेला ती जागा म्हणजे भीमबेटका.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे भोपाळला राहायला गेलो होतो. नोकरीनिमित्त ती तिथे चार वर्षे आहे. रविवारी सकाळी गावाबाहेरची राने पायी तुडवणारी एक मंडळी तिथे आहे, तिच्याबरोबर ती अधूनमधून जाते. या वेळी त्यांचा बेत भीमबेटकाच्या टेकड्यांचा होता. आधी पर्यटक पाहतात त्या गुहा, आणि मग वनखात्याची परवानगी काढून, वनरक्षक बरोबर घेऊन मागच्या टेकड्यांची दिवसभराची फेरी. अंतर सोळा किलोमीटर, चढउतार पुष्कळ. मुलीने माझे नाव मला न विचारताच घातले होते. मी म्हटले, "अगो, त्रेसष्ट वर्षांचे गुडघे आहेत हे." ती म्हणाली, "बाबा, तीस वर्षे तुम्ही मुलांना भीमबेटका शिकवलेत. एकदा बघून तरी या."

या बोलण्यात तिला ठाऊक नसलेली एक मेख होती. त्याबद्दल पुढे सांगतो.

डिसेंबरातली भोपाळची पहाट म्हणजे काय थंडी ती! साडेपाचला बोर्ड ऑफिसच्या चौकात वीस-बावीस माणसे कानटोप्या घालून उभी होती. बँकेतले, कॉलेजातले, एक दातांचे डॉक्टर, दोन सेवानिवृत्त अभियंते, आणि सगळ्यांचा म्होरक्या असलेला तिशीतला एक शांत मुलगा. वाटेत एका टपरीवर पोहे आणि जिलबी असा नाश्ता झाला. दिवाळीला आपल्याकडे फोवांचे पाच-सहा प्रकार होतात, पण पोह्यांवर शेव आणि जिरावण पेरून शेजारी गरम जिलबी ठेवायची कल्पना आपल्याला सुचली नाही खरी. मंडळीत एक मराठी बाई होत्या. त्यांचे घराणे तीन पिढ्या भोपाळात. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मुरली होती की "मी तर मागच्या साली पण चाललीच गेली होती" हे वाक्य ऐकून आधी हसू आले आणि मग आपल्या मराठीत कोकणी किती मुरली आहे हे आठवून मी गप्प झालो.

मी गोव्याचा मराठी माणूस म्हटल्यावर एका अभियंत्याने मला चिडवले, "म्हणजे आमच्या गावाला वेढा घालणारे तुम्हीच!" गोष्ट खरी आहे. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडले होते. धान्य-वैरण तोडली आणि निजाम जेरीस आला. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईला तह झाला आणि निजामाने माळवा सोडण्याचे आणि पन्नास लाख रुपयांचे कबूल केले. दख्खनेतून निजामाच्या मुलाची कुमक येऊ नये म्हणून त्या वेळी चिमाजी आप्पा तापीकाठी ठाण मांडून होता. वर्षभरात तोच चिमाजी वसईच्या मोहिमेत गुंतला, आणि १७३९ च्या जानेवारीत व्यंकटराव घोरपड्यांची फौज साष्टीत उतरून मडगावपर्यंत आली. म्हणजे भोपाळचा वेढा आणि मडगावची धावपळ यांत वर्षाचेच अंतर. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "घ्या, म्हणजे आपण दोघेही घेरलेले!" आणि आम्हांत मैत्री झाली.

भोपाळपासून भीमबेटका साधारण पंचेचाळीस किलोमीटर. ओबेदुल्लागंज मागे टाकले की महामार्गावरून उजवीकडे फाटा फुटतो आणि रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. तोच हा मार्ग, ज्यावरून आपली गोवा एक्स्प्रेस धावते. मी गाडी थांबवायला लावून खाली उतरलो. रुळांच्या बाजूने पाहिले तर धुके वर सरकत होते आणि टेकडीच्या माथ्यावर ते खडक उभे होते. इतके ठळक की ते न दिसण्याला काही सबबच नव्हती.

वाकणकरांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण गोव्यात हे नाव फारसे घेतले जात नाही. जन्म १९१९ चा, नीमचचा. हरिभाऊ म्हणून ओळखले जात. मुळात चित्रकार. उज्जैनला त्यांनी भारती कलाभवन काढले आणि तिथे मुलांना चित्रकला शिकवली. पण चित्रकाराचे डोळे आणि मुशाफिराचे पाय एका माणसात आले की तो घरात कसा बसेल? १९५४ पासूनच ते चंबळच्या खोऱ्यात रंगवलेल्या गुहा शोधत हिंडत होते. भीमबेटका दिसली ती अशा तीन वर्षे तयार झालेल्या नजरेला. इतर प्रवाशांनाही खडक दिसलेच असतील. पण असे खडक म्हणजे आसरा, आसरा म्हणजे माणूस, आणि माणूस असला तर भिंतीवर काहीतरी असणार, ही साखळी फक्त एकाच डोक्यात जुळली. आणि नुसती जुळून थांबली नाही, तो खाली उतरला. आपल्यापैकी किती जण आरक्षणाची जागा सोडून मधल्या स्टेशनवर उतरतील?

पुढे १९७२ पासून तिथे पद्धतशीर उत्खनने सुरू झाली. वाकणकरांनी काही गुहा खणल्या, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने वीरेंद्रनाथ मिश्र यांनी. खाली खाली जाताना हातकुऱ्हाडींपर्यंतचे थर लागले. म्हणजे लाखाहून अधिक वर्षांपूर्वी माणूस या खडकांच्या सावलीत बसत होता. यशोधर मठपाल या चित्रकार संशोधकाने तिथे राहून चित्रांच्या जलरंगात नकला केल्या. वाकणकरांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. रॉबर्ट ब्रूक्स या अमेरिकी अभ्यासकाबरोबर लिहिलेले त्यांचे भारतीय अश्मयुगीन चित्रांवरचे इंग्रजी पुस्तक १९७६ ला मुंबईहून निघाले. १९८८ साली सिंगापुरात असताना ते गेले. भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत आली ती २००३ मध्ये. ते पाहायला ते नव्हते.

पर्यटकांसाठी पंधरा गुहांची वाट बांधलेली आहे. गुहा म्हणायचे, पण आपल्या हरवळ्यासारखी ही कोरलेली लेणी नव्हेत. वारा, पाऊस आणि काळ यांनी वालुकाश्म पोखरून केलेली ही छपरे आहेत. सात टेकड्यांवर मिळून असे सातशेहून अधिक आसरे आहेत. पहिल्याच मोठ्या गुहेला सभागृह म्हणतात. त्यातल्या कठीण खडकावर हाताने ठोकून केलेल्या वाटीएवढ्या खळग्या आहेत, चित्रांहून फार जुन्या. तिथेच भिंतीवर एका लहान मुलाच्या पंजाचा ठसा आहे. आमच्यातले सगळे तिथे एकदम गप्प झाले. दातांच्या डॉक्टरांनी नकळत आपला पंजा हवेत उघडून धरला.

चौथ्या क्रमांकाच्या आसऱ्याला प्राणिसंग्रहालय म्हणतात. एका भिंतीवर ४५३ आकृत्या, त्यांत २५२ प्राणी, तेही सोळा जातींचे. हत्ती, सांबर, गवे, हरणे. पांढरा रंग पांढऱ्या मातीचा, तांबडा गेरूचा. जुन्या चित्रांवर नवी, त्यांवर आणखी नवी. आपल्याकडे दरवर्षी भिंत सारवून त्यावर नवे चित्र काढतात, पण इथे कोणी जुने पुसलेले नाही. दहा-एक हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याच्या हरणावरून मध्ययुगातला घोडेस्वार सरळ चालत गेला आहे. पंधराव्या गुहेत एक शिंगवाला अक्राळविक्राळ डुक्कर माणसाच्या मागे लागला आहे. असा प्राणी जगात कुठेच नाही. तो त्या माणसाच्या स्वप्नात आला असावा.

इथे म्होरक्याने दबक्या आवाजात सूचना दिली. छपरांना आग्यामोहोळे आहेत, अत्तर लावले असेल त्याने मागे राहावे, ओरडू नये. त्यावरून त्याने एक गंमत सांगितली. २०२१ साली काही भूवैज्ञानिकांनी सभागृहाच्या छताशी सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया नावाच्या जीवाचा ठसा सापडल्याचे जाहीर केले. जगभर बातम्या झाल्या. पुढे फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष जाऊन पाहून आले, तर तो जीवाश्म खडकापासून सुटून झडू लागला होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते! २०२३ मध्ये तसे छापून आले आणि आधीच्या संशोधकांनीही खुल्या मनाने चूक मान्य केली. मला ही गोष्ट फार आवडली. एकदा पाहून मोठे बोलणे सोपे असते. पुन्हा जाऊन पाहणे, हे खरे कष्टाचे काम.

साडेनऊला आम्ही बांधलेली वाट सोडली. वनरक्षक पुढे, आम्ही एका रांगेत मागे. हे सगळे रातापानीचे रान. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, त्यामुळे रांग सोडायची नाही हा नियम कडक होता. साग, सलई, मोह, तेंदू, पळस. पानगळ सुरू झालेली, सागाची कोरडी पाने पायाखाली पापडासारखी मोडत होती. आपल्या सह्याद्रीच्या रानात चालताना ओलावा बरोबर चालतो, इथे सगळे कोरडे आणि लख्ख. पहिला चढ गेला. दुसऱ्या टेकडीला एका सुक्या ओढ्याच्या पात्रातून मोठमोठ्या धोंड्यांवर हात टेकत चढायचे होते. तिथे माझ्या उजव्या गुडघ्याने आवाज दिला.

अकराच्या सुमाराला आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा मी शेवटचा होतो. म्होरका माझ्याजवळ बसला. "अंकल, इथून एक पायवाट खाली रस्त्यावर जाते. गाडी बोलावतो. काही लाज नाही यात." मुलीने माझ्याकडे पाहिले. खरे सांगतो, मी "बरे" म्हणायच्या बेतातच होतो. तोंडात शब्द आला होता. आणि तेव्हा ती मेख टोचली.

माझे आजोळ रिवणचे. माझ्या लहानपणी मामांच्या गुरांमागे एक म्हातारा राखणो होता. मे महिन्यात आम्ही मुले कुळागरात हुंदडत असायचो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, म्हणजे १९७३ च्या आसपासची गोष्ट. एके दुपारी तो मला म्हणाला, "न्हंयचे देगेर फातरार गोरवां कोरल्यात. पळोवपाक येता?" नदीच्या काठी दगडावर गुरे कोरली आहेत, बघायला येतोस का? मी विचारले, कोणी कोरली? तो म्हणाला, आमच्यासारख्याच कोणा राखण्याने, पूर्वी. मी घरात येऊन ते सांगितले. सगळे हसले. मीही हसलो. उन्हातून अर्धा-पाऊण तास चालायला नको म्हणून मी गेलो नाही. त्यानेही पुन्हा विचारले नाही.

१९९३ साली कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे गोव्याच्या पुरातत्त्व खात्याने जांभ्या दगडाच्या सड्यावरची शिल्पचित्रे जगापुढे आणली, ती आता आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. शंभराहून अधिक आकृत्या. वशिंडाचे बैल, गवे, हरणे, मोर, नाचणारी बाई, आणि ते प्रसिद्ध गोल गोल चक्रव्यूह. गावातल्या लोकांनीच तिथे बोट दाखवले होते. बातमी वाचली तेव्हा मी शाळेत शिक्षक होतो. त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात मी मध्यप्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांचा पाठ शिकवला होता, फळ्यावर हरीण काढून दाखवले होते. माझ्या आजोळच्या नदीवर तेच होते, आणि मला ते वीस वर्षांपूर्वी एका माणसाने सांगितले होते. मी राखण्याची चौकशी केली. तो केव्हाच गेला होता. त्याचे पूर्ण नावही आमच्या घरात कोणाला सांगता आले नाही.

तेव्हापासून "शोध लावला" हा शब्द लिहिताना माझा हात जरा अडखळतो. भीमबेटकाचेही तसेच आहे. वाकणकरांच्या आधी, १८८८ मध्ये, किंकेड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने मध्य भारतातल्या पडक्या वास्तूंमधून केलेल्या भटकंतीवर लेख लिहिला, त्यात या जागेचा बौद्ध ठिकाण म्हणून उल्लेख आहे. ती माहिती त्याला आसपासच्या आदिवासींनी दिली होती. तो स्वतः चित्रांपर्यंत पोचलाच नाही. आणि लोकांनी तर या जागेला नावच ठेवले होते, भीमबैठका, भीमाची बसायची जागा. लाखाजुहार नावाच्या टेकडीला ते लाक्षागृह म्हणतात. यात हसण्यासारखे काही नाही. हरवळ्याच्या लेण्यांना आपण पांडवांच्या गुहा म्हणतोच की. कोणी घडवले हे आठवेनासे झाले की आपले लोक ती जागा पांडवांच्या नावावर ठेवतात. कोणाच्या तरी नावावर असली म्हणजे ती जपली जाते. वाकणकरांचे मोठेपण पहिल्यांदा पाहण्यात नाही. लोक जे जाणून होते तिथपर्यंत एक शिकलेला माणूस आपल्या पायांनी गेला आणि त्याने ते काय आहे हे ओळखले, यात आहे.

मी म्होरक्याला म्हटले, "मी हळूहळू येतो. पण येतो." ठरले असे की मंडळी पुढे जाईल आणि दुसरा वनरक्षक, जो रांगेच्या शेवटी चालत होता, तो माझ्याबरोबर राहील. मुलीने आपली काठी मला दिली.

या दुसऱ्या वनरक्षकाचे वय चाळिशीचे, गाव त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी. तासभर आम्ही फारसे बोललो नाही. मी दहा पावले चालायचो, थांबायचो. तोही थांबायचा, घड्याळाकडे न पाहता. एका खडकाच्या आडोशाला पाणी प्यायला बसलो. छत इतके खाली की मान वाकवूनच आत जावे लागत होते. मी समोरच्या भिंतीकडे पाहिले, पुसट तांबडे डाग होते. मी विचारले, "इथे काही आहे का?" तो म्हणाला, "जनावरे आहेत, सात."

मला एकही दिसत नव्हते. त्याने भिंतीला हात न लावता, एक काडी उन्हात अशी धरली की तिच्या सावलीचे टोक भिंतीवर पडले. त्या सावलीने तो रेष दाखवत गेला. हे शिंग, ही पाठ, हे वशिंड. एक बैल निघाला. मग दुसरा. मग हरीण. चार मला दिसले. पाचवे दिसायला जागा बदलून बसावे लागले. सहावे त्याने तीनदा दाखवले तेव्हा कळले, ते वासरू होते, आईच्या पोटाखाली. मी म्हटले, "तुम्हांला कोणी दाखवली?" तो हसला. लहानपणी तो इथे शेळ्या चारायला यायचा. पाऊस आला की या छपराखाली बसायचा, आणि पाऊस थांबेपर्यंत करण्यासारखे काही नसल्याने जनावरे मोजायचा. पहिल्या पावसाळ्यात त्याला तीन दिसली होती. सात व्हायला तीन पावसाळे लागले. खात्याच्या लोकांनी पुढे या आसऱ्याला क्रमांक दिला तेव्हा तो त्यांचे सामान वाहायला होता.

"मग त्यांना सांगितलेत, सात आहेत म्हणून?"

"कुणी विचारले नाही, साहेब."

मी खिशातली वही काढली. त्याला पहिल्यापासून पुन्हा दाखवायला सांगितले, आणि त्याने सांगितले तसे लिहून घेतले. कुठले जनावर कोणत्या कोपऱ्यात, कुठल्या वेळच्या उन्हात कोणते दिसते, पाऊस पडून भिंत ओली झाली की कोणते उठून येते. वासराबद्दल तो म्हणाला, ते फक्त हिवाळ्यात सकाळी अकरा ते बारा दिसते, उन्हाळ्यात ऊन आत येतच नाही. या माहितीचा कोणाला काय उपयोग होईल ते मला सांगता येणार नाही. पण ती आता लिहिलेली आहे आणि तिच्याखाली त्याचे संपूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट. ते इथे देत नाही, कारण ते त्याला विचारायचे राहिले. सातवे जनावर मला शेवटपर्यंत दिसले नाही. तो म्हणाला, "पुढच्या साली या."

मंडळी आमची वाट पाहत खालच्या झऱ्यापाशी थांबली होती. मी दोन तास उशिरा पोचलो. कोणी तोंड वाकडे केले नाही. मराठी बाईंनी माझ्यासाठी दोन पराठे आणि लिंबाचे लोणचे राखून ठेवले होते. उरलेली वाट सपाटीची होती, ती सगळ्यांबरोबर चाललो. अंधार पडता पडता गाडीपाशी आलो तेव्हा पायांना फोड, गुडघ्याला सूज आणि मुलीच्या चेहऱ्यावर एक विजयी हसू होते.

रेल्वेमार्ग पुन्हा ओलांडायच्या वेळी एक गाडी धडधडत गेली. लांबलचक गाडी, पिवळ्या उजेडाच्या खिडक्या. आपली गोव्याचीच होती की दुसरी कुठली, कोण जाणे. एका खिडकीत एक मूल काचेला नाक लावून बाहेर बघत होते. त्याला काही दिसत नसणार.

परतीच्या प्रवासात मी मुद्दाम जागा राहिलो. डबा निजला होता. भोपाळ सुटल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने मी दाराशी जाऊन उभा राहिलो. बाहेर मिट्ट काळोख. पण आता कुठे बघायचे हे ठाऊक होते.

गोव्याला आल्यावर पहिल्याच रविवारी रिवणला गेलो. मामा आता नाहीत, मामेभाऊ आहे. त्याला म्हटले, त्या राखण्याचे नाव शोधायचे आहे. तो म्हणाला, पन्नास वर्षांनी? वाड्यावर एक नव्वदीची म्हातारी आहे, तिला कदाचित ठाऊक असेल. ती दोन दिवस सुनेच्या माहेरी गेली होती. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. वाचकांपैकी कोणाचे आजोळ रिवण, कोळंब, काजूर या बाजूला असेल आणि घरातले कोणी वडीलधारे अजून असतील, तर त्यांना विचारून ठेवा. आणि त्यांनी एखाद्या दगडाकडे बोट दाखवले, तर ऊन आहे म्हणून जायचे टाळू नका.